पाठमोरीचा चेहरा

आमच्या कारखान्यात लाकडाची माणसं बनतात. वीतभर उंचीची. इब्री लोकांच्या जुन्या शास्त्रातली बहुतेक मंडळी आमच्याकडे तयार होतात: तारू बांधणारा म्हातारा आणि त्याचे तीन मुलगे, गोफण घेतलेला मेंढपाळ पोरगा, सिंहांच्या गुहेत निवांत बसलेला शहाणा माणूस. प्रार्थनाघरांच्या शाळा ती मागवतात, लोक घरातल्या फळीवर मांडून ठेवतात. कातारी लाकूड कातून धड आणि डोकं काढून देतो, कोरणारे हात आणि कपड्यांच्या चुण्या काढतात, मग घासकाम, मग सरस आणि खडूचं पांढरं अस्तर, मग कपड्यांचे रंग. सगळ्यात शेवटी चेहरा. तो काढायची माझी मावशी. सगळा कारखाना तिला डोळेमावशी म्हणतो, मालकसुद्धा. मी तिची सख्खी भाची, पॅकिंगला बसते. म्हणजे तिच्या हातून सुटलेला प्रत्येक चेहरा मी शेवटचा बघते आणि कागदात गुंडाळते.

उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल आहे. समोर फळीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक माणूस उभा, कपडे रंगवून झालेले पण तोंड पांढरंफटक. रंग ओला असतो, म्हणून अंगाला बोट लावायचं नाही. खुंटी फिरवायची आणि तोंड आपल्यासमोर आणायचं, असा आमच्याकडचा नियम. मावशी आधी सगळ्या फळीचे डावे डोळे काढते, मग उजवे, मग भुवया आणि शेवटी ओठ. डोळे चुकले की ओठ खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे पुरुषांचे नमुने वेगवेगळे आणि बायकांचा एकच. तारूवाल्याची बायको असो नाहीतर त्याच्या तीन सुना, कातारी एकाच मापात चौघी काढून मोकळा होतो. शास्त्रानंच त्या चौघींची नावं दिलेली नाहीत, तर आमच्या कारखान्याला कसली पडलीय? पण मावशीला पडलेली असायची. ब्रश उचलण्याआधी ती त्या कोऱ्या तोंडाकडे बघत बसायची आणि विचारायची, हिच्या पोटात काय चाललंय? तारूवाल्याच्या बायकोला ती डोळ्यांखाली एक बारीक सावली द्यायचीच. एवढी जनावरं एवढे दिवस एका छपराखाली होती, म्हणायची, शेण कोणी काढलं ते कुठं लिहिलंय का? नवरा तर खिडकीतून पाखरं सोडण्यात गुंतला होता.

मिठाचा खांब झालेल्या बाईवर तिचा विशेष जीव. शहर जळत असताना मागे वळून बघू नका असं बजावलेलं, तरी ही बघते आणि जागच्या जागी मीठ होते. न ऐकणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला शाळांमधून हिचं उदाहरण देतात. मावशी म्हणायची, जावई मागे राहिले असं लिहिलंय, मग लेकीही राहिल्या असतील. आई मागे बघणार नाही तर काय करेल? एकदा मालकांनी तक्रार केली की हिचे डोळे असे पाणावलेले नकोत, बघणाऱ्याला ही हट्टी वाटायला हवी. मावशी म्हणाली, मीठ आलं कुठून असं वाटतं तुम्हाला? मालक आपल्या खोलीत निघून गेले. मावशीपुढून निघून जायची त्यांना सवय आहे.

तर अशी ही माझी मावशी. भक्ती मोठी, पण भांडकुदळ. आयुष्यानंही तिच्याशी काही सरळ वागणूक ठेवली नाही. काका आमच्याच कारखान्यात कोरणारे होते, ते लवकर गेले. एकुलता एक मुलगा, माझा दादा, मालाचा ट्रक चालवायचा. अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या एका गावात माल उतरवता उतरवता त्याला तिथली मुलगी आवडली आणि त्यानं ती मागितली. वहिनी आमच्या घरी आली, इथल्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, आणि घरात हसणं-खिदळणं सुरू झालं. मग एका तापात दादा गेला. त्याबद्दल मला आजही नीट बोलता येत नाही, म्हणून बोलत नाही.

सगळ्यांना वाटलं वहिनी माहेरी जाईल. मूलबाळ नव्हतं, वय लहान होतं, अडवणारं कोणी नव्हतं. ती गेली नाही. सकाळी दुकानात जायची, संध्याकाळी येताना भाजी आणायची, मावशीच्या केसांना तेल लावायची, रविवारी तिच्याबरोबर प्रार्थनाघरात बसायची. आमच्या नातेवाइकांना तर जिवंत उदाहरणच सापडलं. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं जो तो येऊन सांगायचा. कौतुक करायला पदरचं काही लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे ते कधी कमी पडलं नाही. वहिनी मान खाली घालून ऐकायची. एवढ्या कौतुकाखाली माणूस उठून उभा कसा राहणार, हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

त्यातून शास्त्रातली ती गोष्ट. दुष्काळात एक कुटुंब परमुलखात जातं. तिथं नवरा मरतो, लग्न झालेले दोन्ही मुलगे मरतात, उरतात तिघी: सासू आणि दोन सुना. सासू आपल्या मुलखाला परत निघते. वाटेत एक सून तिला मिठी मारते, काही झालं तरी तुमच्याबरोबरच येणार म्हणते. दुसरी मागे फिरते. पहिलीचा सगळीकडे उदोउदो. दुसरीचं नाव घ्यायची वेळ कोणावर येत नाही.

आमच्या कारखान्यात या तिघींचा एक संच बनतो. एका फळीवर वाट, वाटेवर गाठोडं घेतलेली सासू, तिला धरलेली सून आणि थोडी बाजूला, बघणाऱ्याकडे पाठ करून चाललेली तिसरी. कामावर आम्ही त्या दोघींना बिलगलेली आणि पाठमोरी म्हणतो. दोघी एकाच मापाच्या, डोक्यावरून घेतलेलं वस्त्रही सारखंच. फक्त एकीला गडद निळा रंग आणि एकीला गडद तपकिरी. पाठमोरीचं तोंड कोणाला दिसत नाही, म्हणून तिला चेहरा काढायचाच नाही, तेवढंच काम वाचतं, हे जुन्या मालकांपासून चालत आलेलं. पुढून बघाल तर अंड्यासारखं कोरं तोंड. मीही तिला तसंच गुंडाळत आले, कधी काही वाटलं नाही.

नातेवाईक वहिनीला बिलगलेली म्हणत होते आणि मावशी ते ऐकून घेत होती. एरवी कोणाचं काही ऐकून न घेणारी बाई. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दरम्यान मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साधं ऑपरेशन आहे, करून टाका. हिवाळ्यात मावशी म्हणायची थंडी सरू दे. थंडी सरली की म्हणायची उन्हाळा जाऊ दे, घामानं जखम चिघळते. कारखान्यात तर तिनं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. हाताला सवय होती आणि टेबलावर भिंग होतं, त्यामुळे चेहरे निघत होते. पण घरी वहिनीपासून काय लपणार? ती दिवसभर लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावणारी. तिनं न बोलता भांड्यांच्या जागा ठरवून टाकल्या, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारला, सुईत दोरा ओवून ठेवू लागली.

अशात एका सुट्टीच्या दुपारी वहिनीची आई आली. वहिनी दुकानात असेल अशी वेळ बघूनच आली असणार. मी मावशीकडे होते, मीच दार उघडलं. बाई उन्हातून चालत आलेली, बोलायला मोजकी. पाणी प्यायली आणि तिनं सरळ विषयाला हात घातला. त्यांच्या गावात एक घड्याळजी आहे. शांत माणूस, कामाचा. वहिनी मागच्या खेपेला माहेरी गेली तेव्हा तिच्या आईचं घड्याळ घेऊन त्याच्या दुकानात गेली होती. नंतर ते घड्याळ बिनबिघाडाचंच दोनदा दुरुस्तीला गेलं, तेव्हा आईला काय ते कळलं. मग घड्याळजी स्वतः घरी येऊन विचारून गेला. वहिनीनं नाही म्हणून सांगितलं. तो आवडत नाही म्हणून नव्हे. सासूबाईंचे डोळे गेलेत, म्हणाली, त्यांना टाकून कशी येऊ?

मावशीनं यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. तिच्या हातातला कप बशीवर नीट टेकला नाही, चहा सांडला.

"मी तिला न्यायला आले नाही, विहीणबाई," वहिनीची आई म्हणाली. "ती तुमचीही आहे हे मला कळतं. एवढंच सांगायला आले, की तिची खोली मी तशीच ठेवलीय. रोज झाडते."

मग तिनं विचारलं, डोळे कधी करून घेताय? मावशी म्हणाली, उन्हाळा जाऊ दे. बाईनं पदरानं टेबलावरचा चहा पुसला, जणू आपल्याच घरात होती, आणि परतीची बस धरायला उठली.

त्या संध्याकाळी मावशीनं वहिनीला जा म्हणून सांगितलं. मी तिथंच होते. पण कसं सांगितलं? तोंडानं जा जा आणि हात भिंतीला चाचपतायत. वहिनी म्हणाली, तुमच्या डोळ्यांत औषध कोण घालणार? मावशी म्हणाली, देव घालेल. वहिनी म्हणाली, देवाला बाटलीचं झाकण उघडता येत नाही, मीच घालते. दोघी हसल्या आणि विषय तिथंच संपला. मला मात्र त्या हसण्याचा राग आला. इतकं सोपं नव्हतं ते. एकीचं आयुष्य वाट बघत अर्ध्या दिवसाच्या अंतरावर बसलं होतं आणि या दोघी झाकणावरून विनोद करत होत्या.

पुढच्याच आठवड्यात ती फळी निघाली.

कुठल्याशा शाळेसाठी सासू आणि दोन सुना या संचांची मोठी मागणी होती. रंगकाम संपून फळ्या मावशीच्या टेबलावर जात. पुढच्या रांगेत बिलगलेल्या, मागच्या रांगेत पाठमोऱ्या, म्हणजे मावशीनं पुढची रांग करायची आणि मागची सोडून द्यायची. त्या दिवशी फळी उलटी ठेवली गेली. कोणी ठेवली ते सोडा, अशा गोष्टी सगळ्याच कारखान्यांत होतात. डोळे धड असलेल्या माणसानं निळं आणि तपकिरी बघून क्षणात ओळखलं असतं. मावशीला दोन्ही रंग एकाच चिखलाचे दिसत होते. हात लावून बघावं तर रंग ओला. तिनं रोजच्यासारखी एकेक खुंटी फिरवली, डावे डोळे काढले, उजवे काढले, भुवया आणि ओठ काढले, आणि फळी माझ्याकडे पाठवली.

मी कागद पसरून बसले होते. पहिली पाठमोरी उचलली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी तिला गुंडाळत होते आणि तिला बघायला डोळेच नव्हते. आता होते. किंचित सुजलेले, नुकतंच रडून थांबलेले, बिलगलेलीला मावशी देते तसेच. मागच्या बिलगलेल्यांची तोंडं मात्र कोरीच होती.

मी फळी घेऊन मावशीकडे गेले आणि हळूच सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, नाहीतर मुद्दामच केलं म्हणून उलट मलाच झापेल. तिनं त्यातली एक मागून घेतली. रंग वाळला होता, म्हणून हातात धरली, भिंग लावलं आणि कितीतरी वेळ बघत बसली. मग शेजारची, आदल्या दिवशी केलेली बिलगलेली उचलून तिच्या शेजारी धरली.

"तोच चेहरा हिलाही बसतो गं," ती म्हणाली.

आवाज असा होता की मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. तिच्या टेबलावर शास्त्राचं जुनं पुस्तक असतं, मोठ्या अक्षरांचं. आता तिला तीही अक्षरं लागत नव्हती. म्हणाली, ते पान वाच. मी वाचलं. सासू दोघींनाही सांगते की आपापल्या आईच्या घरी परत जा, तुमचं पुन्हा लग्न होवो, तुम्हाला सुख लागो. दोघीही मोठ्यानं रडतात. दोघीही आधी नाहीच म्हणतात. सासू पुन्हा समजावते. पुन्हा दोघी रडतात. मग एक सासूचा मुका घेते आणि जाते.

मावशी म्हणाली, परत वाच, तिला जायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, सासूनं. किती वेळा? मी बोट ठेवून बघितलं, म्हटलं, पुन्हा पुन्हा. मावशीनं भिंग खाली ठेवलं. म्हणजे दोघींमध्ये सासूचं ऐकलं ते हिनंच, म्हणाली. दुसरीनं ऐकलं नाही, तिचं कौतुक. हिनं ऐकलं, तर आपण हिचं तोंडच काढत नाही. मी इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटातलं विचारत बसले आणि हिच्या बाबतीत डोळ्यांवर कातडं ओढलं.

मग तिनं ती पाठमोरी ओटीत घातली. मी बिलगलेल्यांची फळी उचलायला लागले तर म्हणाली, राहू दे, आज घरी चल माझ्याबरोबर.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशी तिच्यासमोर पलंगावर बसली आणि ओटीतून ती पाठमोरी काढून तिच्या हातात दिली. काय घडलं ते सगळं सांगितलं, चूक कशी झाली तेही, काही न लपवता. वहिनीच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. आता तर डोळे अजिबातच गेले, आता कसलं जाणं, असं तिच्या मनात आलं असणार. ती म्हणालीही तसंच, की बघितलंत ना, म्हणून मी म्हणते.

"तसं नाही, बाळ," मावशी म्हणाली. "मोतीबिंदू मी सांभाळून ठेवला होता. मला दिसायला लागलं की तू जाशील, म्हणून. जा जा म्हणत होते, आणि दाराला कडी घालून म्हणत होते."

मला वाटलं वहिनी तिच्या गळ्यात पडेल, नाहीतर रागावून उठून जाईल. तिनं हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. दादाचा शर्ट होता. अजून धुतला जात होता.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "मी चष्म्याच्या दुकानात काम करते. कोणाला दिसत नाही आणि कोणाला बघायचं नाही, ते मला कळतं. पण मलाही ते सोयीचंच पडत होतं. तुमचे डोळे आहेत म्हणून मी जात नाही, असं म्हणता येत होतं. नाहीतर खरं काय ते सांगावं लागलं असतं."

खरं काय, मावशीनं विचारलं.

"तिथं मला हसू आलं होतं. त्या दुकानात. यांना जाऊन वर्षं झाली तरी मला त्याची लाज वाटली. मग मी पळून इकडे आले, तुमच्यामागे लपायला."

मग दोघी रडल्या. मोठ्यानं, शास्त्रात लिहिलंय तशाच. मीही रडले, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी उठून चहा ठेवला.

डोळ्यांचं ऑपरेशन भर उन्हाळ्यात झालं. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. जखम चिघळली नाही, घामानंही काही झालं नाही. मावशीच्या विहीणबाई राहायला आल्या. दोन्ही आया एका खोलीत, आणि वहिनीला एकीनंही औषधाच्या बाटलीला हात लावू दिला नाही. मावशीच्या डोळ्यांत थेंब विहीणबाई घालायच्या. हात जरा जड होता त्यांचा. मावशी कुरकुरायची की डोळ्यात औषध घालताय की भिंतीला चुना लावताय, आणि विहीणबाई शांतपणे म्हणायच्या, हलू नका, गालावर सांडतंय.

पट्टी काढली त्या सकाळी मावशीनं आधी खिडकी बघितली, मग मला बघून म्हणाली की तू जाड झालीस. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मग तिनं वहिनीला उजेडात बोलावलं. हनुवटी धरून तिचा चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला, खुंटीवरचा फिरवते तसा. बघता बघता मावशीचा स्वतःचा चेहरा बदलला. इतके दिवस तिच्या आठवणीतली वहिनी लग्नातली होती. समोरची वाळली होती. कानामागे पांढरे केस आले होते. अगं, तुला काय केलं मी, एवढंच ती म्हणाली. विहीणबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

मावशी कामावर आली ती थेट मालकांच्या खोलीत. यापुढे पाठमोरीला चेहरा काढणार, म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, डोळेमावशी, तिची पाठ आहे लोकांकडे, तो चेहरा बघणार कोण? मावशी म्हणाली, जो उठून पलीकडे जाईल तो. मालकांनी वहीत तशी नोंद करून टाकली. चुकून झालेली ती फळी मात्र तशीच राहिली, फक्त मागच्या बिलगलेल्यांनाही तिनं चेहरे दिले. मी ते संच गुंडाळले तेव्हा पाठमोरीचा कागद जरा सैल ठेवला. तिला श्वास घेता यावा, असं काहीतरी खुळचट माझ्या मनात आलं.

त्याच आठवड्यात ती कातारीकडे गेली आणि म्हणाली, मला आणखी एक बाई कातून दे, वयस्कर, आणि एक दाराची चौकट. आमचा कातारी जरा काटेकोर माणूस. या गोष्टीत आणखी बाई कुठं आहे, विचारू लागला, तीनच लिहिल्यात. मावशी म्हणाली, 'आईच्या घरी जा' असं लिहिलंय की नाही? मग त्या घरात आई असणारच. रिकाम्या घराला कोणी आईचं घर म्हणतं का? कातारीनं लाकूड लावलं. शास्त्रात एका शब्दापलीकडे जागा न मिळालेली ती आई आमच्या कारखान्यात अशी जन्माला आली. मावशीनं तिच्या डोळ्यांवर इतका वेळ घालवला की त्या दिवशी दुसरं काहीच झालं नाही. चौकटीला हात टेकून उभी, वाटेकडे बघणारी. मला त्यात विहीणबाई दिसल्या. मावशी म्हणाली, कोणीही दिसेल, आयाच सगळ्या.

वहिनी निघाली तेव्हा तिच्या सामानात मावशीनं बनवलेलं दोघींचं फळकुट होतं, पाठमोरी आणि चौकटीतली आई. तिथं पाठमोरी पाठमोरी नव्हतीच. समोरून येत होती. नातेवाइकांनी जमेल तेवढी नाकं मुरडली. बिलगलेली शेवटी फिरलीच, असं एका आत्यानं मावशीच्या तोंडावर म्हणून दाखवलं. मावशी म्हणाली, मी पाठवतेय तिला, तुम्हाला पोचवायला यायचं असेल तर लवकर आवरा. आत्याबाईंनी काही आवरलं नाही.

बसथांब्यावर आम्ही तिघी होतो. घड्याळजी तिकडे थांब्यावर येणार होता. वेळेवर येईल ना, मावशीनं विचारलं आणि स्वतःच म्हणाली, तो नाही वेळेवर आला तर मग धंदा कसला करतो. वहिनी हसली, पण नाक ओढत. ती वाकली, मावशीचा मुका घेतला आणि तिला सोडवेना. मावशीनंच तिचे हात सोडवले. दादाचा एक शर्ट वहिनीनं घेतला होता, बाकीचे मावशीकडे ठेवले होते.

"चढ आता," मावशी म्हणाली. "आणि मागे बघू नकोस. मीठ होशील. घरात मीठ भरपूर आहे."

बस हलली. मावशी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. ऑपरेशननंतर तिला लांबचं अगदी स्वच्छ दिसायला लागलं होतं, आम्हा तरण्यांपेक्षा जास्त. मला बसची मागची काच नुसती चमकताना दिसत होती. बस दूरच्या वळणावर पोचली, तिरकी झाली आणि दिसेनाशी झाली.

"बघितलंच बाई तिनं मागे," मावशी म्हणाली. "नाक लाल झालं होतं. आणि हसत होती."

मग तिनं डोळे पुसले, पुन्हा एकदा वळणाकडे बघितलं आणि मला म्हणाली, चल, फळी अर्धी राहिलीय, उजवे डोळे काढायचेत.